चुन्याच्या चौकोनाबाहेर

आमच्या घरात सकाळी कणीक मळलेली असते, डबे उघडे असतात आणि प्रत्येकाला काहीतरी सापडत नसतं. त्या मंगळवारी यांना चष्मा सापडत नव्हता, आणि लाइट गेल्यामुळे खोबऱ्याची चटणी मिक्सरमध्ये अर्धवट वाटून तशीच पडली होती. तेवढ्यात दार वाजलं. बेल बंद, म्हणून बोटांच्या पेरांनी वाजवलेलं. आवाज हळू, पण दार उघडेपर्यंत थांबणारा नाही.

"इस्त्रीवाला असेल तर सांग, माझा निळा शर्ट दुसऱ्याच कुणाकडे गेलाय," हे आतून म्हणाले.

दारात भीमराव काका होते. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शर्मिलाचे वडील. सत्तरी कधीच ओलांडलेली, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत पॉलिश केलेले बूट. सरकारी खात्यात साहेबांची गाडी चालवून रिटायर झालेला हा माणूस अजूनही सकाळी ड्यूटीवर निघाल्यासारखा तयार होतो. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"जय भीम ताई. तोंड गोड करा. आमची पोरगी पहिली आली."

चाळिशी उलटलेल्या, आयटी कंपनीत शे-दीडशे माणसं हाताखाली असलेल्या बाईला पोरगी म्हणणारा आमच्या सोसायटीत हा एकच माणूस.

"कशात आली काका?"

"ऑटोक्रॉसमध्ये. परवा, लोणीकंदच्या पुढे. वीस वर्षांनी उतरली आणि लेडीज क्लासमध्ये पहिली. आणि ऐका, एका कोनाला शिवली नाही. एवढी रुंद गाडी, पण एक कोन जागचा हलला नाही."

मग त्यांनी खरं काम सांगितलं. येत्या रविवारी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये शर्मिलाचा सत्कार. चेअरमन जोगळेकर हो म्हणालेत. आणि तिची ओळख मी करून द्यायची.

"तुम्ही मराठी घेऊन बी.ए. केलेलं. मी बोलायला गेलो तर मधेच अडकेन, ताई. तुम्हीच बोला."

मी हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं त्यात काय होतं? दार लावल्यावर हे म्हणाले, "जोगळेकर सत्काराला तयार झाले? मागच्याच महिन्यात त्या गाडीच्या आवाजावर त्यांनी लिफ्टमध्ये नोटीस चिकटवली होती. 'विमानतळ लोहगावला आहे, वाघोलीत नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.'"

चष्मा त्यांच्या डोक्यावरच होता. मी सांगितलं नाही.

ऑटोक्रॉस म्हणजे काय, हे मला शर्मिलानंच मागे एकदा समजावलं होतं. मोकळ्या माळावर केशरी प्लास्टिकचे कोन मांडून नागमोडी वाट आखतात आणि एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात. दुसऱ्या गाडीशी टक्कर नाही, शर्यत नुसती वेळेशी. प्रत्येक कोनाभोवती जमिनीवर चुन्यानं चौकोन काढलेला असतो. कोन पडला किंवा चौकोनाबाहेर सरकला, की तुमच्या वेळेत दंडाचे सेकंद मिळवतात. मला तेव्हा वाटलं होतं, आपण हळदीकुंकवाच्या बायकांमधून सरबताचा ट्रे घेऊन जातो, तसंच हे. फक्त ट्रेला इंजिन.

हे वेड तिच्यात आलं ते काकांकडून. काका मूळचे वाशीमकडचे. नोकरीसाठी पुण्यात आले आणि येरवड्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार केला. नव्वद सालच्या पुढेमागे त्यांच्या साहेबांनी नवी मारुती घेतली आणि जुनी फियाट काढून टाकायचं ठरवलं, ती काकांनी घेतली. "दिवसभर गाडी चालवून पोट भरत नाही वाटतं," असं तेव्हा शर्मिलाची आई, चंद्रभागाबाई म्हणाल्या होत्या. त्या आता नाहीत, पण त्यांचं हे वाक्य काका अजून सांगतात आणि स्वतःच हसतात.

शर्मिला त्या वेळी इंजिनिअरिंगला होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी बापलेक लोहगावच्या माळावर जायचे. काका विटा मांडायचे आणि लेक त्यांच्यामधून फियाट काढायची. पुण्यात ही हौस करणारी माणसंच तेव्हा थोडी. कोन हलला की झेंडा वर करायला शर्यतीत प्रत्येक कोनापाशी माणूस लागतो, पण तेवढी माणसं पुरायची नाहीत, आणि धूळ तर विचारू नका. म्हणून त्यांच्यात एक रीत पडली होती. शेवटची रेघ ओलांडली, की चालवणाऱ्यानं स्वतःच खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि जितके कोन आपल्याला लागले तितकी बोटं दाखवायची. काही लागलं नसेल, तर बंद मूठ. काकांनी विटांच्या माळावरही तीच रीत पाळायला लावली. "लागलेलं तुला कळतंच ना? मग दुसऱ्यानं काऊन सांगावं?"

चौऱ्याण्णव साली एका शर्यतीत तिनं असंच एक बोट दाखवलं. कोन धक्क्यानं डुलून जरासा सरकला होता, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या एका बोटापायी तिचा पहिला नंबर गेला. ती रडवेली झाली. काकांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि स्वतः फियाटच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. जन्मभर पुढे बसून साहेबाला नेणारा माणूस त्या दिवशी मागे रेलून बसला आणि म्हणाला, "चला ड्रायव्हर, घरी."

हे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलंय. सांगताना दोघांचाही चेहरा सारखाच होतो.

पुढे नोकरी लागली. आधी एका बंगल्यातली लहानशी सॉफ्टवेअर कंपनी, मग दोन हजार साल येणार म्हणून जुने कॉम्प्युटर प्रोग्रॅम दुरुस्त करायचं रात्रंदिवस काम, मग खराडीतली ती मोठी काचेची इमारत. फियाट भंगारात गेली. लग्न झालं, नवरा योगेश बंगळूरला असतो, महिन्यातून एकदोनदा येतो. आणि गेल्या दसऱ्याला शर्मिलानं ही गाडी घेतली. पिवळीधमक, दोनच दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. सोसायटीच्या गतिरोधकावरून ती सरळ जाऊ शकत नाही, खेकड्यासारखी तिरपी चढवावी लागते. वॉचमन पुढे वाकून बघत राहतो आणि हातानं "या, या" करतो, विमान उतरवल्यासारखं.

ओळख करून द्यायची तर नीट माहिती हवी, म्हणून गुरुवारी दुपारी मी वर गेले. जाताना पार्किंगमध्ये गाडीकडे नजर गेली. तिच्यावर पांघरूण होतं, त्यावर धूळ. म्हणजे रविवारपासून गाडी हललेली नव्हती. पहिली आलेली बाई सोमवारपासून कंपनीच्या कॅबनं जातेय, हे मला जरा विचित्र वाटलं.

शर्मिला घरीच होती, रजा टाकून. पुढ्यात मटाराच्या शेंगांचा ढीग होता आणि सोललेले दाणे पसाभरसुद्धा नव्हते. मी खाली बसले आणि सोलायला घेतलं. बक्षिसाचा कप कुठे दिसेना. टीव्हीजवळ नाही, शोकेसमध्ये नाही. शेवटी बाल्कनीत वॉशिंग मशीनवर दिसला, तोंड खाली करून ठेवलेला.

"ताई, तो कार्यक्रम नको," ती म्हणाली.

"का गं? कौतुक कुणाला नको असतं?"

"मला नकोय."

मी पुढे विचारलं नाही. शेंगा सोलत राहिले. माणसाला सांगायचं असलं की ते सांगतं, आपण फक्त हात कामात ठेवायचे. बऱ्याच वेळानं ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"तो सरकला होता, ताई. शेवटाकडचा एक कोन. मागच्या चाकापाशी लागला. फियाट अंगात घातल्यासारखी कळायची. ही एवढी रुंद, हिची मागची बाजू कुठे संपते ते मला अजून उमगत नाही. काचा बंद, एसी चालू, तरी ऐकू आलं. टप्. एवढंच. आरशात बघितलं तर कोन उभा, पण चौकोनाच्या बाहेर."

"आणि झेंडेवाला?"

"तो धुळीनं खोकत पाठ करून उभा होता. वळून बघतो तर कोन उभाच. त्याला वाटलं, ठीक आहे. नंतर कुणीतरी पायानं ढकलून तो आत घेतला."

"मग तू?"

"मी रेघ ओलांडली. हात आपोआप खिडकीकडे गेला. फियाटच्या काचा उघड्याच असायच्या. इथे बटण दाबायचं, काच खाली जायची, मग हात बाहेर काढायचा. तेवढ्यात माइकवर माझी वेळ सांगितली, टाळ्या सुरू झाल्या. बोट बटणावर होतं, ताई. दाबलं नाही."

"पण ती बोटं दाखवायची रीत आता आहे का?"

"नाही. आताच्या मुलांना माहीतही नाही. मी स्वतःला तेच सांगितलं ना. की आता रीत नाही."

दुसरी आलेली मुलगी उत्कर्षा नावाची होती. कॉलेजात शिकणारी, भावाची जुनी लहान गाडी घेऊन आलेली, एका दाराचा रंग वेगळाच. शर्मिलाच्या वेळेत दंड धरला असता, तर तीच पहिली. बक्षीस समारंभानंतर ती धावत आली होती. 'मॅम, तुमचा तो लास्ट कॉर्नर कसला क्लीन होता. मला शिकवाल?'

"लाज कशाची वाटली माहितीये तेव्हा?" शर्मिला म्हणाली. "एवढी भारी गाडी घेऊन ही बाई एका डबड्यापुढे हरली, असं लोक म्हणतील याची. ही गाडी अशी, की मी चुकले तरी स्वतःच सावरून घेते. निम्मं तर तिनंच चालवलं. त्यातही हरायचं म्हणजे... तेवढ्यासाठी गप्प बसले. आणि आता याची लाज वाटते. लिफ्टनं जात नाही मी, जिन्यानं जाते. लिफ्टमध्ये सगळे अभिनंदन करतात."

तिनं क्लबला फोन केला होता. तिथला माणूस म्हणाला, मॅडम, निकाल लागून गेला, तक्रारीची मुदत संपली, आणि स्वतःविरुद्ध तक्रार घ्यायची सोय आमच्याकडे नाही. वर हसला. मग तिनं उत्कर्षाला फोन करून सांगितलं.

"काय म्हणाली?"

"आधी विचारलं, 'कुठला कोन?' मग म्हणाली, 'इट्स ओके, मॅम.' कप देते म्हटलं, तर म्हणाली, 'नको, त्यावर तुमचं नाव आहे.' शिकवाल का, असं मात्र परत म्हणाली नाही."

तिनं एक शेंग उचलली आणि न सोलताच परत ठेवली.

"आता राहिले ते बाबा. मोतीबिंदूमुळे त्यांना धुळीतून फक्त काहीतरी पिवळं येताना दिसलं. बाकी माइकवर ऐकलं, शून्य कोन. तेच सांगत सुटलेत. वॉचमनला, दूधवाल्याला, वाशीमला फोन करकरून. त्यांच्यासमोर मी कुठल्या तोंडानं जाऊ? रोज जेवायला समोर बसतात आणि मला आग्रहानं वाढतात."

'जाऊ दे गं, एवढं काय त्यात,' असं मला म्हणता आलं असतं. माझ्या ओठांवर आलंही होतं. पण तिचा चेहरा बघून मी एवढंच म्हटलं, "रविवारी तुझ्याबद्दल मी काय बोलायचं, ते मला तुझ्याकडूनच कळायला हवं."

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. काका आले, आणि त्यांच्यामागे जोगळेकर. काकांच्या काखेत कसलीतरी मोठी गुंडाळी होती.

"मी आत येत नाही," जोगळेकर उंबऱ्यातूनच म्हणाले. "फक्त फ्लेक्सबद्दल सांगायला आलो. गेटवर लावायचा नाही. क्लबहाउसच्या आतच. खिळे नाहीत, दोरी. आणि कार्यक्रम सहाला म्हणजे सहाला. आपल्याकडे सहा म्हणजे सात असं समजणारे जे लोक आहेत, त्यांच्यासाठी चहा उरणार नाही." मग शर्मिलाकडे बघून जरा मऊ आवाजात म्हणाले, "अभिनंदन. आवाजाची तक्रार कायम आहे, पण अभिनंदन."

ते गेल्यावर काकांनी गुंडाळी जमिनीवर उलगडली. एका बाजूला मटाराचं ताट ठेवलं, दुसऱ्या बाजूला स्वतःचा बूट. पिवळ्या गाडीशेजारी कप धरलेली शर्मिला, आणि खाली ठळक अक्षरांत: 'एकही कोन न हलवता प्रथम!'

"ही ओळ मी सांगितली घालायला," काका म्हणाले. "तो छापणारा विचारतो, कोन म्हणजे काय? म्हटलं, तू छाप."

शर्मिला त्या अक्षरांकडे बघत राहिली. मी चहाच्या निमित्तानं उठायला लागले, तर तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बाबा, एक कोन हलला होता."

काकांना आधी कळलं नाही. ते दुसऱ्या पायातला बूट काढत होते.

"कुणाचा?"

"माझा. मागच्या चाकाला लागला. चौकोनाबाहेर गेला. मला कळलं होतं. मी हात बाहेर काढला नाही."

काका बूट हातात घेऊन तसेच वाकून राहिले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी कडक बोलणार, आणि ते ऐकायला आपण इथे नको होतो.

"पडला का?" त्यांनी विचारलं.

"नाही. सरकला."

"मग पडला नाही ना."

"बाबा..."

"झेंडा वर गेला का?"

"नाही."

"मग झालं तर. झेंडेवाला कशासाठी उभा असतो? तेव्हा माणसं नव्हती, म्हणून आपण बोटं दाखवायचो. आता सगळं बदललं. मोठाल्या गाड्या, जागा तेवढीच. सरकतो एखादा कोन. त्यात तुझा काय दोष?"

शर्मिला त्यांच्याकडे बघतच राहिली. रागावले असते तर तिला सोसलं असतं, हे मला तिच्या बाजूला बसून दिसत होतं. हे समजून घेणं तिला सोसवेना. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे तुम्ही बोलताय, बाबा?"

काकांनी बूट खाली ठेवला. जोडीचा बूट फ्लेक्सवर होता, तो उचलून त्याच्याशेजारी सरळ रेषेत ठेवला.

"मीच बोलतोय," ते म्हणाले. "जन्मभर मागचं दार उघडून उभा राहिलो मी. साहेब उतरायचे, मी दार लावायचो. कधी कुणी बघितलं नाही माझ्याकडे, मीही मनाला लावून घेतलं नाही. परवा तू उतरलीस तेव्हा चारचौघं दार उघडायला धावले. त्यातला एक मला म्हणाला, सर, तुम्ही मॅडमचे फादर का? सर म्हणाला मला. ते तेवढं राहू दे की, पोरी. कुणाचं काय जातंय?"

"उत्कर्षाचं गेलं," शर्मिला म्हणाली.

"कोण उत्कर्षा?"

"दुसरी आली ती. भावाची जुनी गाडी घेऊन आली होती."

फ्लेक्सचा एक कोपरा वर उचलला जात होता, तो काकांनी तळव्यानं दाबून धरला. मी खाली बघत बसले. आपल्यासमोर एखादा ताठ माणूस थोडासा वाकला, की त्याच्याकडे बघायचीही चोरी होते. त्यांना एकदम खूप म्हातारं झालेलं बघणं मला जड गेलं.

"फ्लेक्सचं मी बघतो," शेवटी ते म्हणाले. "ती ओळ चिकटपट्टीनं झाकतो. बाकी कुणाला सांगायची गरज नाही. ताई आपल्याच आहेत."

"नाही बाबा. मी रविवारी माइकवर सांगणार आहे. उत्कर्षालाही यायला सांगेन, येईल की नाही माहीत नाही. ताई माझी ओळख करून देतील, मग मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगेन, कोन हलला होता आणि मी बोलले नाही."

"सगळ्यांसमोर?"

"तुम्ही सगळ्यांना सांगितलंय ना. मग सगळ्यांसमोरच."

"जोगळेकरांसमोर?"

"त्यांच्यासमोरही."

"तो माणूस नोटीस लावेल."

"लावू दे."

काका उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. खाली पार्किंगमध्ये पांघरूण घातलेली गाडी होती. त्यांना ती दिसत होती की नाही, कुणास ठाऊक. त्यांच्या कडक इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर घामाचा एक डाग आला होता, जानेवारीच्या दुपारी.

"मला नाही बसवणार तिथे," ते खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. "लोक तुझ्याकडे बघणार, मग माझ्याकडे बघणार. तू बोल. मी इथे घरी थांबतो."

शर्मिला उठली. त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली, पण त्यांच्या खांद्यावर हात ठेवण्याचं धाडस तिला झालं नाही. दोन्ही हात तिनं ओढणीतच गुंडाळून धरले होते.

"बाबा, मला रागवू नका असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "तुम्ही फक्त पहिल्या रांगेत बसा, आणि मी बोलत असताना उठून जाऊ नका."